राणीचा हुकूम आणि पावसाचा हिशेब

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. सुपें हें त्या वेळीं पुणें जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यांतील एक मोठें गांव. आजचा दौंड तालुका बराचसा त्या जुन्या भीमथडींतूनच निघालेला आहे. सुपें मात्र आतां बारामती तालुक्यांत मोडतें. गांवांत दुकानदारांची आणि सावकारांची वस्ती दाट होती, आणि भोंवतालच्या वाड्यावस्त्यांवरचीं कुळें आठवड्याच्या बाजाराला तेथें येत. त्या दिवशीं लोक जमले ते मीठमिरची घेण्यासाठीं नव्हे. ते सावकारांच्या दारांत गेले आणि त्यांनीं वह्या व खतें बाहेर काढण्याची मागणी केली. हातीं आलेले कागद जाळण्यांत आले, धान्याचीं दुकानें लुटण्यांत आलीं, कांहीं घरांना आगी लागल्या. पाहतां पाहतां हा वणवा इंदापूर, शिरूर आणि हवेली या तालुक्यांत, आणि तेथून नगर जिल्ह्यांत पसरला. तीसांहून अधिक गांवें त्यांत सांपडलीं. पोलिसांचीं ठाणीं बसलीं, लष्कर बोलावण्यांत आलें, आणि ९५१ माणसांना अटक झाली.

इतिहासांत हें प्रकरण ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखलें जातें. त्याचें एक वैशिष्ट्य त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्याहि ध्यानांत आलें होतें. जेथें सावकारानें कागद निमूटपणें हवालीं केले, तेथें त्याच्या अंगाला बहुधा कोणीं हात लावला नाहीं. लोकांचा रोख माणसाहून कागदावर अधिक होता. आणि हे कागद नष्ट करण्यास वरूनच मुभा मिळालेली आहे, असें पुष्कळांना मनापासून वाटत होतें. कारण एक भुमका उठली होती. एका मारवाडी सावकारानें कर्जापायीं एका इंग्रज साहेबाची मालमत्ता विकावयास काढली. त्या साहेबानें थेट विलायतेस राणीकडे दाद मागितली. आणि सावकारांनीं सर्व खतें परत द्यावीं असा हुकूम राणीनें पाठविला, अशी ती गोष्ट होती. असा हुकूम कधींच निघाला नव्हता. तरी ती गोष्ट बाजारांतून बाजारांत आणि चावडीवरून चावडीवर गेली, आणि तिनें माणसांच्या हातीं काकडे दिले.

दीडशें वर्षांपूर्वींची ही भुमका आज आठवण्यास कारण आहे. त्याच शिरूर-दौंडच्या मुलखांत, आणि सबंध महाराष्ट्रांत, आज दुसऱ्या एका हिशेबाविषयीं खऱ्याखोट्या गोष्टी फिरत आहेत. तो हिशेब पावसाचा व हवामानाचा. पृथ्वी खरोखर तापत आहे काय, पाऊस कोणीं पळविला, हवामानाचे अंदाज कोणाच्या फायद्यासाठीं वर्तविले जातात, अशा प्रश्नांचीं तयार उत्तरें आज घरोघरच्या भ्रमणध्वनीवर येऊन पडतात. अशा गोष्टी अडाणीपणामुळें पसरतात, असें शहरांतील सुशिक्षित माणूस सहज म्हणून जातो. सुप्याचा इतिहास तसें सांगत नाहीं.

राणीच्या हुकुमाची गोष्ट लोकांनीं खरी कां मानली? पहिलें कारण असें कीं, त्या गोष्टीखालची जखम खरी होती. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तेथील कापूस विलायतेस जाणें थांबलें, हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊं लागले. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि सावकारांनीं हात आंखडता घेतला. नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापुरापासून आरंभ होऊन नवी जमाबंदी आली. कित्येक ठिकाणीं सारा निम्म्यानें वाढला, कोठें दुपटीवर गेला. कर्ज मिळेना आणि सारा चुकेना, अशा कात्रींत कुणबी सांपडला. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील कर्डें या गांवीं एका सावकारानें दीडशें रुपयांच्या कर्जापोटीं बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळविला आणि त्यांचें राहतें घर पाडावयास घेतलें. तेव्हां गांवानें त्या सावकारावर बहिष्कार घातला. सुप्याच्या दंग्याची ठिणगी ही येथली, आणि ती कोणत्याहि भुमकेच्या आधींची आहे.

दुसरें कारण कागदाचें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें सावकाराच्या खताची मुदत तीन वर्षांची ठरली. व्याज फार सांचूं नये, हा कायद्याचा हेतु. प्रत्यक्षांत झालें उलटें. दर तीन वर्षांनीं सावकार कुळाकडून नवें खत लिहून घेऊं लागला, आणि मागचें व्याज नव्या खतांत मुद्दल होऊन बसूं लागलें. ज्यानें आंगठा उमटविला त्याला तो कागद वाचतां येत नव्हता, आणि ज्याला वाचतां येत होता त्याच्यावर त्याचा विश्वास नव्हता. फेड केली तरी पावती मिळत नसे. आपलें देणें किती, हें जाणण्याचा कोणताहि मार्ग ज्याच्याजवळ उरलेला नाहीं, त्याला राणीचा हुकूमहि तितकाच शक्य वाटतो, जितकें शंभराचे पांचशें होणें शक्य वाटतें.

तिसरें कारण गोष्टीच्या घडणींत आहे. तींत दुष्ट कोण तें ठरलेलें होतें, दुःख भोगणारा साहेब हा कुणब्याचाच जणू समदुःखी होता, आणि शेवटीं न्याय करणारी राणी होती. शिवाय ती गोष्ट सरकारी कागदांतून आली नव्हती. ती ओळखीच्या तोंडून आली होती. साऱ्याचे दर कां वाढले, अमेरिकेंतील लढाईचा आणि भीमेच्या कांठच्या कुणब्याचा संबंध काय, हें समजावून सांगण्यास त्याच्याकडे कोणीहि गेलें नव्हतें. रिकाम्या जागीं गोष्ट शिरली.

आतां या भुमकेला उत्तर कसें दिलें गेलें, तें पाहण्याजोगें आहे. आरंभीं अर्थातच दंडुक्यानें. त्यानें दंगा शमला, समजूत शमली नाहीं. मग हिंदुस्थान सरकारच्या आग्रहावरून मुंबई सरकारनें चौकशी-समिति नेमली. तिचा अहवाल १८७८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटपुढें गेला. समितीनें गांवोगांवच्या साक्षी घेतल्या, कर्जाचे आंकडे, धान्याचे भाव आणि व्याजाचे दर जमविले. परंतु निष्कर्ष काढतांना साऱ्याच्या वाढीकडे तिनें पाठ फिरविली आणि बहुतेक सर्व दोष सावकाराच्या माथीं मारला. म्हणजे कुणब्याची भुमका खोटी ठरवितांना सरकारनेंहि स्वतःच्या सोयीचें अर्धसत्य पुढें केलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, जी १८७० सालीं स्थापन झाली होती, साऱ्याच्या ओझ्याचा प्रश्न याच दशकांत लावून धरला होता. तो आवाज अहवालाच्या निष्कर्षांत उमटला नाहीं. अधिकृत शिक्का असला म्हणजे माहिती पूर्ण असतेच असें नव्हे, हा धडाहि या प्रकरणांतलाच.

तरी त्या चौकशींतून एक खरोखर उपयोगी गोष्ट निघाली. १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कर्जापायीं शेतकऱ्याला तुरुंगांत घालण्याची चाल त्यानें बंद केली. खतावरचा आंकडा ब्रह्मवाक्य न मानतां मूळ व्यवहार काय झाला होता, तें उकरून पाहण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. गांवासाठीं रजिस्ट्रार नेमले. शेतकऱ्याचें खत त्यांच्या देखरेखीखालीं लिहिलें जावें आणि तें मोठ्यानें वाचून दाखवावें, असें ठरलें. पैसे पोंचल्याची पावती देणें, मागितल्यास हिशेब देणें सावकारावर बंधनकारक झालें. या कायद्यानें कर्जबाजारीपण संपलें नाहीं, आणि त्यांतून पळवाटाहि निघाल्या. पण राणीच्या हुकुमाच्या भुमकेला जें खरें उत्तर होतें तें त्यांत होतें. ‘तुम्ही फसलां’ असें त्यानें कुणब्याला म्हटलें नाहीं. तुमचा कागद तुमच्या कानांवर पडला पाहिजे, असें म्हटलें.

ज्या वर्षीं सुप्याला खतें जळलीं, त्याच १८७५ सालीं हिंदुस्थान सरकारनें हवामान-खातें स्थापन केलें. हा निव्वळ योगायोग. पण शिरूर-दौंडच्या माणसाच्या जन्माला जे दोन हिशेब पुजलेले आहेत, त्यांतला दुसरा त्या खात्याच्या हातीं होता. हा मुलूख सह्याद्रीच्या पाठीशीं आहे. समुद्रावरून आलेले ढग घांटमाथ्यावर चढतात, थंड होतात, आणि आपलें पाणी तेथेंच टाकून पूर्वेकडे हलके होऊन उतरतात. त्यामुळें एकाच पुणें जिल्ह्यांत लोणावळ्याला वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून सुमारें दीडशें किलोमीटरवरच्या दौंडाला पांचशेंच्या आसपास, तोहि बेभरंवशाचा. दंग्यानंतर एकच वर्ष लोटलें आणि १८७६ सालीं पाऊस फसला. १८७८ पर्यंत चाललेल्या त्या महादुष्काळांत दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर पोटासाठीं राबणारे लोक याच भागांतले होते. त्या दुष्काळानें सरकारलाहि शिकविलें कीं, मोसमी पाऊस आगाऊ ओळखतां आला पाहिजे. पहिला रीतसर दीर्घ पल्ल्याचा अंदाज १८८६ च्या जूनमध्यें निघाला. १९२८ सालीं खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. पण अंदाज इंग्रजींत, राजपत्रांत आणि अधिकाऱ्यांसाठीं. कुणब्याकडे पंचांग होतें, नक्षत्रें होतीं, आणि बाजारांतल्या गोष्टी होत्या. पुन्हां एक खत, जें त्याला वाचतां येत नव्हतें.

आज त्या खतांत काय लिहिलें आहे, तें आधीं स्पष्ट सांगावें. कारखानदारीच्या युगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. ही वाढ मुख्यतः कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायु जाळल्यानें झाली आहे. २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीचें सरासरी तपमान १८५० ते १९०० या काळाच्या मानानें सुमारें १.१ अंश सेल्सिअसनें अधिक होतें. भारताचें सरासरी तपमान १९०१ ते २०१८ या काळांत सुमारें ०.७ अंशानें वाढल्याचें केंद्रीय भू-विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालांत नमूद आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० पासूनच्या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्या. हवा जितकी तापते तितकी ती अधिक बाष्प धरून ठेवते. मग दीर्घ उघाडीनंतर एकदम ढगफुटीसारखा पाऊस, असा प्रकार वाढतो. हें मोजलेलें आहे. हें कोणाचें मत नव्हे.

तरीहि त्याविरुद्धच्या गोष्टी कां पसरतात? तीन नमुने पुरे आहेत.

पहिली गोष्ट वडीलधाऱ्यांच्या तोंडची : दुष्काळ पूर्वींहि पडतच होते, मग यांत नवें काय? हिचें बळ असें कीं हिचा पूर्वार्ध खरा आहे. १८७६ चा दुष्काळ पडला तेव्हां हवेंतला कार्बन डाय-ऑक्साइड फारसा वाढलेला नव्हता. १९७२ चा दुष्काळ तर आजहि घराघरांत आठवला जातो. परंतु पूर्वींहि माणसें तापानें फणफणत होतीं, म्हणून आजच्या तापाला कारण नाहीं, असें कोणताहि वैद्य म्हणणार नाहीं. जुने दुष्काळ हवेच्या स्वाभाविक चढउतारांतून आले. आज तो चढउतार आहेच. त्याच्या खालचा पायाच हळूहळू वर चालला आहे.

दुसरी गोष्ट पवनचक्क्यांची. २००३-०४ च्या सुमारास सातारा-सांगलीकडे अवर्षण होतें, आणि डोंगरपठारांवर नव्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. पात्यांच्या वाऱ्यानें ढग पळून जातात, ही समजूत तेव्हां जोरानें पसरली. त्या काळच्या पवनचक्क्यांचे मनोरे साधारण पन्नास ते ऐंशी मीटर उंचीचे. पावसाचे ढग शेंकडों मीटरांपासून कित्येक किलोमीटरांपर्यंतच्या थरांत वावरतात. ज्या तालुक्यांत एकहि पवनचक्की नव्हती तेथेंहि त्या वर्षीं पाऊस नव्हता. उलट खरें असें कीं, जेथें वारा जोराचा तेथें पवनचक्की बसवितात, आणि सह्याद्रीच्या पाठीमागचीं उघडीं पठारें हीं जोराच्या वाऱ्याचीं आणि मुळांतच कमी पावसाचीं. दोन गोष्टी एका जागीं दिसल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. पण या भुमकेखालींहि जखम होती : गांवाची जमीन बाहेरच्या कंपनीकडे गेलेली, पातीं डोळ्यांसमोर फिरत असलेलीं, आणि वीज तारांवरून दुसरीकडे निघून जात असलेली. कर्ड्याच्या पाडलेल्या घराची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट संगनमताची. २०१७ च्या जुलैमध्यें बीड जिल्ह्यांतील माजलगांव तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनीं हवामान-खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरण्या केल्या, पावसानें ओढ दिली, आणि बियाण्यांचा व औषधांचा खर्च मातींत गेला. बियाणेंवाल्यांशीं संधान बांधूनच हा अंदाज दिला गेला, असा त्यांचा आरोप होता. या आरोपाला हंसणें सोपें आहे. पण मोसमी अंदाज हा सबंध देशाच्या चार महिन्यांच्या सरासरीचा असतो, आणि ती सरासरी ९६ ते १०४ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर ‘सामान्य’ पाऊस म्हणतात. त्यावरून एका गांवीं एका पंधरवड्यांत काय होईल तें कळत नाहीं, हें त्या शेतकऱ्याला कोणीं सांगितलें होतें? ज्याला आंकड्याचा अर्थ सांगितला जात नाहीं, तो आंकड्यामागें माणूस शोधतो. आणि एकदां खात्यावरचा विश्वास उडाला म्हणजे उद्यां तें खातें पृथ्वी तापत असल्याचें सांगेल तेव्हां तेंहि खोटेंच वाटूं लागतें.

या सर्व गोष्टी आपोआप उगवतात असें मात्र नाहीं. रानांत तण आपोआप उगवतें, तसें कोणी पेरीतहि असतो. मोठ्या तेल-कोळसा-मोटार व्यवसायांच्या पाठिंब्यानें १९८९ सालीं अमेरिकेंत ‘ग्लोबल क्लायमेट कोएलिशन’ नांवाची संस्था निघाली आणि २००२ पर्यंत ती हवामान-बदलाविषयीं संशय पसरवीत राहिली. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनीं १९७७ पासून केलेले तपमानवाढीचे अंदाज पुढें बहुतांशीं बरोबर ठरले, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. कंपनी मात्र जाहीरपणें अनिश्चिततेचीच भाषा बोलत राहिली. येथें खोटी बातमी सिद्ध करण्याची गरजच नव्हती. ‘अजून नक्की कांहीं ठरलेलें नाहीं’ एवढें लोकांना वाटत राहिलें कीं काम भागत होतें.

पेरणाऱ्याला आज वाराहि अनुकूल आहे. ट्विटर या समाजमाध्यमावर २००६ ते २०१७ या काळांत फिरलेल्या सुमारें १,२६,००० बातम्यांचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. खोटी बातमी खरीहून दूर आणि वेगानें जाते. दीड हजार माणसांपर्यंत पोंचण्यास खऱ्या बातमीला सुमारें सहापट वेळ लागतो, असें त्यांत आढळलें. हें काम मुख्यतः यंत्रांनीं नव्हे, तर माणसांनींच केलेलें होतें; कारण खोटी बातमी नवी असते, चकित करते, राग आणते. त्याचें भयंकर टोक महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारी टोळी आल्याच्या भुमकेवरून डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांना जमावानें ठार मारलें. हवामानाच्या भुमकेनें कोणी एका दिवसांत मरत नाहीं, म्हणून ती निरुपद्रवी असें मानूं नये. तिच्यापायीं चुकीची पेरणी होते, विहिरीचें शेवटचें पाणी चुकीच्या पिकाला जातें, आणि जी तयारी आज करावयाची ती पुढच्या पिढीवर ढकलली जाते.

मग उत्तर कसें द्यावें? इतिहासानें दाखविलेला मार्ग येथें उपयोगी पडतो.

पहिली गोष्ट, भुमकेखालची जखम आधीं पाहावी. पवनचक्की ढग पळवीत नाहीं, हें सांगणाऱ्यानें जमिनीच्या व्यवहाराची तक्रार ऐकून घेतली पाहिजे. नाहींतर त्याचें विज्ञान कंपनीची वकिली ठरतें. दुसरी गोष्ट, खोट्या गोष्टीचा पाढा पुन्हां पुन्हां म्हणूं नये. आधीं खरें काय तें साध्या शब्दांत सांगावें, मग एकदांच खोट्याचा उल्लेख करून त्यांतली लबाडी कोठें आहे तें दाखवावें, आणि पुन्हां खऱ्यावर यावें. देवीची लस जशी रोग येण्याआधीं टोंचीत असत, तशी ही लबाडीची ओळख आधींच करून दिली तर माणूस सावध राहतो, असें मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसून आलें आहे. अर्धसत्य, भाडोत्री तज्ज्ञ, एका थंड दिवसावरून काढलेला निष्कर्ष, या युक्त्या एकदां ओळखतां आल्या कीं नवी भुमकाहि जुन्या ओळखीची वाटते.

तिसरी गोष्ट अवघड आहे : खऱ्याच्या बाजूनें झालेली चूक उघड मान्य करावी. हवामान-बदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या २००७ च्या अहवालांत हिमालयांतील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहींशा होतील, असें एक निराधार विधान शिरलें होतें. जानेवारी २०१० मध्यें समितीनें चूक मान्य केली. विरोधकांनीं तिचें भांडवल केलें हें खरें. पण हिमनद्या मागें हटत आहेत हें सत्य त्यामुळें बदललें नाहीं, आणि चूक दुरुस्त करणाऱ्याचा शब्द अखेर टिकला. तसेंच, सर्वच दोष हवामानाच्या माथीं मारण्याचा मोहहि टाळला पाहिजे. १८७८ च्या अहवालानें जसें सारें सावकारावर ढकललें, तसें कालव्याच्या पाण्याची वांटणी, कमी पावसाच्या मुलखांत वाढलेला ऊंस, आणि खोल खोल जाणाऱ्या विंधणविहिरी यांचा दोष हवामान-बदलाच्या नांवावर खपविणें हीहि खोटी माहितीच होय. ती ज्यांच्या तोंडून येते ते स्वतःला विज्ञानाच्या बाजूचे समजतात, एवढाच फरक.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हिशेब लोकांच्या हातीं देणें. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें हें करून दाखविलें आहे. तेथें गांवकरी पाऊस स्वतः मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, आणि ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरवितात. ज्यानें आपल्या हातानें पर्जन्यमापकांतलें पाणी मोजलें, त्याला सरासरी म्हणजे काय आणि अंदाज म्हणजे काय, हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. राज्यांत ‘महावेध’ योजनेखालीं महसूल मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान-केंद्रें उभीं राहिलीं आहेत. त्यांचे आंकडे केवळ संगणकांत न राहतां चावडीवर, शाळेच्या फळ्यावर, मराठींत वाचून दाखविले गेले, तर तें १८७९ च्या खतवाचनाचेंच आजचें रूप होईल.

शहरांतील सुशिक्षित घरांचा यांत वांटा मोठा आहे. पुण्यांतल्या घरांतून गांवाकडच्या नातलगांना धाडलेला निरोप शिरूर-दौंडकडे अनोळखी म्हणून जात नाहीं. तो काकांचा, मावशीचा, साहेब झालेल्या भाच्याचा निरोप म्हणून जातो, आणि त्या नात्याच्या बळावरच खरा मानला जातो. सुप्याची भुमकाहि अशीच ओळखीच्या तोंडून गेली होती. पुढें धाडण्यापूर्वीं क्षणभर थांबून हें कोणीं मोजलें, केव्हां मोजलें आणि कोठें लिहून ठेवलें, एवढे तीन प्रश्न विचारणें हें आज नागरिकाचें साधें कर्तव्य झालें आहे.

राणीनें खतें परत द्यावयास सांगितलें नव्हतें. पण दंग्यानंतर चार वर्षांनीं तिच्याच राज्यांत खरोखर एक कायदा आला. त्यानें खतें जाळलीं नाहींत. तीं मोठ्यानें वाचावयास लावलीं. भुमकेनें जें मागितलें होतें त्याहून तें पुष्कळ कमी होतें, आणि ज्याच्या नांवावर देणें लिहिलें जात होतें त्याच्या कानांवर तें प्रथमच पडूं लागलें.